नॉन-स्ट्रायकरला बॉलरने रनआऊट केलं तर ती रडी का? आमच्या स्पर्धेसाठी नियम ठरवायचाय

डीप_मिडविकेट:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात जत्रेच्या आधी टेनिस बॉलच्या ओव्हरआर्म मॅचेस असतात, सोळा टीम, पाच-पाच ओव्हर, रात्री लाइटखाली. मी कमिटीत आहे, म्हणजे पावत्या फाडणे, पिचवर पाणी मारणे आणि भांडणं सोडवणे. यंदा सेमीला जो राडा झाला त्यावरून हा प्रश्न.

शेवटची ओव्हर, ४ बॉल ७ रन. बॉलर रनअप घेऊन आला आणि बॉल सोडायच्या ऐवजी थांबून सरळ नॉन-स्ट्रायकरच्या (बॉलरच्या बाजूला उभा असलेला बॅट्समन) बेल्स उडवल्या. पोरगा क्रीजच्या चांगला दोन पावलं पुढे होता यात वादच नाही, यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं आणि अख्ख्या गावाने बघितलंय. अंपायरने बोट वर केलं. मग बॅटिंगवाले सगळे ग्राउंडमध्ये घुसले, त्यात आमचा समालोचक माइकवरून "ही काय खिलाडूवृत्ती नाय, क्रिकेट हा सभ्य माणसांचा खेळ आहे" असं दोन-दोनदा बोलला आणि मग जे व्हायचं ते झालं. अर्धा तास मॅच बंद. शेवटी गावातल्या मोठ्या माणसांनी मध्ये पडून बॉल परत टाकायला लावला, त्याच्यावर सिक्स, मग सिंगल, मॅच खल्लास. बॉलिंगवाली टीम हात न मिळवता गाड्या काढून निघून गेली आणि आता म्हणतात पुढच्या वर्षी एंट्रीच भरणार नाही.

कमिटीत दोन गट पडलेत. एक म्हणतो आयसीसीचा नियम आहे, आऊट म्हणजे आऊट. दुसरा म्हणतो ही रडी आहे, रूल शीटवरच छापून टाकू की असं आऊट दिलं जाणार नाही म्हणून. तिसरे मधले, म्हणतात पहिल्यांदा वॉर्निंग द्यायची. मला कोणीतरी नीट सांगा की नक्की नियम काय आहे, आणि तुमच्याकडे काय करतात तेपण सांगा. बॉलर विशीतला पोरगा आहे, त्याला इन्स्टावर इतक्या शिव्या पडल्या की त्याने अकाउंटच बंद केलंय.

पॉपिंग_क्रीज:
आधी नियम सांगतो, मग भांडा. एमसीसीच्या (क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा क्लब) कायद्यात हा साधा रनआऊट आहे, लॉ ३८, त्यातलं ३८.३. बॉल खेळात आल्यापासून (म्हणजे बॉलरने रनअप सुरू केल्यापासून) ते बॉलर साधारण ज्या क्षणी बॉल सोडेल तिथपर्यंत नॉन-स्ट्रायकर क्रीजबाहेर सापडला तर त्याला आऊट करता येतं. वॉर्निंग द्यायलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. अपील मात्र लागतं, म्हणजे फिल्डिंगवाल्यांनी अंपायरकडे आऊट मागायला पाहिजे. विकेट बॉलरच्या खात्यात जात नाही, रनआऊट म्हणून लागते, आणि तो बॉल ओव्हरमध्ये मोजायचा नाही.

१ ऑक्टोबर २०२२ च्या आधी हेच कलम लॉ ४१ मध्ये होतं, अनफेअर प्लेच्या खाली. तिथून उचलून रनआऊटच्या कायद्यात आणलं. लोक म्हणायचे बघा, अनफेअर प्लेमध्ये आहे म्हणजे बॉलर चीटिंग करतोय. अहो पण त्या कलमाचं नाव वाचा ना, नॉन-स्ट्रायकर लवकर क्रीज सोडतो त्याबद्दलचं कलम होतं ते! अनफेअर कोण होता तिथे?

आता एक गोष्ट व्हिडिओत नीट बघा. जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश लीगमध्ये अॅडम झाम्पाने टॉम रॉजर्सला असंच केलं होतं, पण हात पूर्ण फिरवून झाल्यावर, म्हणून थर्ड अंपायरने नॉटआऊट दिला. त्यानंतर एमसीसीने शब्द अजून स्पष्ट केले की बॉलरचा हात बॉलिंग अॅक्शनमध्ये सगळ्यात वरच्या टोकाला पोचला की संपलं, त्यानंतर बेल्स उडवून उपयोग नाही. तुमच्या पोराने हात वर जायच्या आधी थांबून उडवल्या असतील तर आऊटच. आणि अपील मागे घ्यायचं असेल तर ते फिल्डिंग कॅप्टनने, तेही अंपायरच्या परवानगीने, बॅट्समन ग्राउंडबाहेर जायच्या आत. गावातल्या मोठ्या माणसांना यात काही रोल नाही, सॉरी.

आझाद_मैदान_जुना:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. हा विषय निघाला की मला विनूभाई मंकडांबद्दल वाईट वाटतं, कारण अशा आऊटला लोक त्यांच्याच नावाने 'मंकडिंग' म्हणतात. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा, स्वतंत्र भारताच्या टीमचा पहिला दौरा, लाला अमरनाथ कॅप्टन. सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्ध मॅच होती त्यात बिल ब्राऊन सारखा पुढे पळत होता, विनूभाईंनी त्याला आधी समज दिली, ऐकला नाही म्हणून उडवला. मग डिसेंबरात त्याच सिडनीला दुसरी टेस्ट आणि हा ब्राऊन परत पुढे! परत उडवला. म्हणजे महिनाभरात तोच माणूस, तेच ग्राउंड, तोच बॉलर आणि तरी शहाणपण आलं नाही, पण नाव कुणाचं खराब झालं तर बॉलरचं. तिथल्या पेपरांनी झोडपलं. आणि बाजू कोणी घेतली, तर खुद्द ब्रॅडमनने, जो समोरच्या टीमचा कॅप्टन होता. त्याचं म्हणणं सरळ होतं की नॉन-स्ट्रायकर लवकर निघाला म्हणजे तो फुकटचा फायदा घेतोय, आणि बॉलरला नियमाने हक्क दिलाय.

हा माणूस १९५६ ला न्यूझीलंडविरुद्ध २३१ मारतो, पंकज रॉयबरोबर ४१३ ची ओपनिंग करतो जी पन्नास वर्षांच्या वर कोणाला मोडता आली नाही, आणि जगाला आठवतो तो एक रनआऊट. बीसीसीआयची अंडर-१९ ची वनडे स्पर्धा विनू मंकड ट्रॉफी म्हणून खेळवली जाते, त्यात एखाद्या पोराने असा आऊट केला तर काय लिहितील पेपरवाले कोण जाणे.

आमच्या वेळी मैदानात यावर एवढी चर्चाच नव्हती. कांगा लीग खेळलेल्यांना माहीत आहे, भर पावसाळ्यात ओली पिच, आऊटफिल्डला गवत इतकं की फोरला मारलेला बॉल दोनमध्ये अडकतो, तिथे एकेक रन म्हणजे सोनं. कॅप्टन पहिल्या दिवशी सांगायचा, बॉल हातातून सुटेपर्यंत बॅट क्रीजच्या आत टेकलेली पाहिजे, आऊट झालास तर तुझी चूक, येऊन रडायचं नाही. मुंबईचं खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच. फुकट काही द्यायचं नाही आणि फुकट काही घ्यायचंही नाही.

सरळ_बॅट:
माझं मत वेगळं आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

कायद्यात आहे म्हणून सगळं बरोबर असं असेल तर मग १९८१ चा अंडरआर्म बॉलपण बरोबरच म्हणा. १ फेब्रुवारी, मेलबर्न, न्यूझीलंडला शेवटच्या बॉलवर टाय करायला ६ पाहिजेत, ग्रेग चॅपलने सख्ख्या भावाला, ट्रेव्हरला, सांगितलं जमिनीवरून सरपटत टाक. तेव्हाच्या नियमात बसत होतं! अंपायर काय करणार. समोरच्या मॅकेक्नीने बॉल अडवला आणि बॅट फेकून दिली. आज इतक्या वर्षांनी चॅपलने केलेल्या रनांपेक्षा लोकांना तो बॉल जास्त आठवतो. ती मॅच ऑस्ट्रेलिया जिंकली हे सांगताना त्यांचेच लोक मान खाली घालतात.

आणि दुसऱ्या बाजूला कोर्टनी वॉल्श. १९८७ चा वर्ल्ड कप, लाहोर, शेवटचा बॉल, पाकिस्तानला २ पाहिजेत, शेवटची जोडी. सलीम जाफर नॉन-स्ट्रायकर, पार पुढे निघालेला. वॉल्श थांबला, त्याला आऊट केलं नाही, नुसतं परत जा म्हणाला, आणि पुढच्या बॉलला अब्दुल कादिरने मॅच काढली. वेस्ट इंडिज त्या वर्ल्ड कपच्या सेमीला पोचले नाहीत. पण वॉल्शचं नाव घेतलं की आजही लोक हात जोडतात.

आपल्या वानखेडेचंच घ्या. फेब्रुवारी १९८०, गोल्डन ज्युबिली टेस्ट, इंग्लंड ५ बाद ५८, बॉब टेलरला कॉट बिहाइंड दिलं, आणि स्लिपमधून विश्वनाथने सांगितलं की नाही, लागलेली नाही, आणि त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ ची पार्टनरशिप केली, आपण दहा विकेटने हरलो. विशी कॅप्टन होता. हरलो तरी बॉम्बेचं पब्लिक आजही ते छाती फुगवून सांगतं.

तुमच्या त्या बॉलरने पाच ओव्हरच्या मॅचच्या चषकासाठी असं करून काय कमावलं? एक वॉर्निंग द्यायला काय जातं राव. मी तर म्हणतो रूल शीटवर एक वॉर्निंग कंपल्सरी करा.

लेग_बाय:
गावची मोठी माणसं थर्ड अंपायर, हे आयसीसीला कळवा, डीआरएसचा खर्च वाचेल 😀

आझाद_मैदान_जुना:
@सरळ_बॅट विश्वनाथचं उदाहरण इथे बसत नाही हो. टेलर आऊट नव्हताच, अंपायर चुकला होता आणि विशीने चूक दुरुस्त केली. खोट्या विकेटला नाही म्हणणं हा मोठेपणा, मान्य, शंभर टक्के मान्य. पण इथे पोरगा खरंच बाहेर होता. अंपायरचं काय चुकलं? बॉलरचं काय चुकलं? आणि अंडरआर्ममध्ये तर समोरच्याला खेळायलाच मिळू नये अशी सोय केली होती. इथे समोरच्याला आऊट न व्हायचा उपाय त्याच्याच हातात आहे, घरात उभं राहायचं.

वॉल्शबद्दल मात्र काही बोलत नाही. ते मोठंच होतं.

ऑफस्पिन_ताई:
मी जिल्ह्याकडून खेळलेय, ऑफस्पिन टाकते, म्हणून यात मला पर्सनल इंटरेस्ट आहे. दीप्ती शर्माचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

२४ सप्टेंबर २०२२, लॉर्ड्स, इंग्लंडविरुद्ध वनडे, झूलनदीची (झूलन गोस्वामी) शेवटची मॅच. आपण १६९ ला ऑलआऊट, इंग्लंडला १७० पाहिजेत, त्यांच्या नऊ विकेट गेलेल्या आणि चार्ली डीन ४७ वर खेळत होती, मॅच जवळजवळ ओढून आणली होती तिने. दीप्तीने तिला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआऊट केलं, १५३ वर खेळ संपला, आपण १६ रननी जिंकलो, सिरीज ३-०. डीन रडली, बिचारीचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्यानंतर जे सुरू झालं ते बघायला पाहिजे होतं. दिवसभर एकच, स्पिरिट ऑफ क्रिकेट (म्हणजे खिलाडूवृत्ती), स्पिरिट ऑफ क्रिकेट. मग एका पत्रकाराने ती इनिंग परत बघून मोजलं तर डीन त्याच्या आधी सत्तरच्या वर वेळा क्रीज सोडून निघाली होती! सत्तर! तेव्हा स्पिरिट कुठे होतं कुणास ठाऊक.

दीप्ती परत आल्यावर म्हणाली आम्ही वॉर्निंग दिली होती, अंपायरलापण सांगितलं होतं. इंग्लंडची हेदर नाइट म्हणाली अशी काही वॉर्निंग दिलीच नव्हती. म्हणजे बघा, वॉर्निंग द्या म्हणणाऱ्यांनो, वॉर्निंग दिली की नाही यावर अजून एक भांडण! लॉर्ड्सवर इतके कॅमेरे असून मिटलं नाही, तुमच्या गावात काय मिटणार आहे. आणि हरमनप्रीतने मॅचनंतर प्रेझेंटेशनला कशी बाजू घेतली बघा, माझ्या बॉलरने नियमाबाहेर काही केलेलं नाही, विषय संपला. कॅप्टन असा पाहिजे. तुमच्या त्या मुलाच्या कॅप्टनने काय केलं हे कोणी विचारत नाहीये.

आणखी एक. हे मुलींनी केलं की जरा जास्तच खटकतं लोकांना. मुलीने गोड वागायचं, हसून सोडून द्यायचं. माझ्याच कोचने मला प्रॅक्टिसला सांगितलं होतं, असं करत जाऊ नकोस, नाव खराब होतं. मी विचारलं की पळणाऱ्या मुलीचं नाव खराब होत नाही का सर, तर हसले नुसते.

थर्डमॅन_पुणे:
थोडं गणित करू का. पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, दोन्हीकडची पॉपिंग क्रीज स्टंपपासून ४ फूट पुढे, म्हणजे प्रत्यक्ष पळायचं अंतर ५८ फूट. दोन पावलं पुढे म्हणजे कमीत कमी ५ फूट धरा. ५८ पैकी ५ म्हणजे साडेआठ टक्के रन तुम्ही बॉल सुटायच्या आधीच काढून बसलात. वनडेत डायरेक्ट हिटला किती रनआऊट इंचाच्या फरकाने होतात ते आठवा, आणि इथे पाच फूट. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसला प्रकार आहे हा, आणि वर कंडक्टरलाच सभ्यपणा शिकवायचा.

बॉलरचा पाय अर्धा इंच पुढे गेला तर नो बॉल, वर फ्री हिट, कोणी त्याला म्हणत नाही की अरे पहिल्यांदाच गेलाय, वॉर्निंग दे. अश्विन किती वर्षं हेच ओरडतोय. त्याने तर एकदा म्हटलं होतं की नॉन-स्ट्रायकर लवकर निघाला तर बॉलरला फ्री बॉल द्या, त्यावर विकेट पडली तर बॅटिंगवाल्यांचे रन कापा. गमतीत असेल पण मुद्दा बरोबर आहे.

त्याच अश्विनचं २०१२ चं लोकांना आठवत नाही. ब्रिस्बेनला श्रीलंकेविरुद्ध वनडे, थिरिमाने सारखा पुढे, अश्विनने बेल्स उडवल्या, अंपायरने विचारलं अपील ठेवताय का, त्या दिवशी सेहवाग कॅप्टन होता, तो सचिनशी बोलला आणि अपील मागे घेतलं. काय झालं? थिरिमानेने ६२ केले आणि आपण ५१ रननी हरलो. आणि सोडून दिल्यावरही गडी पुढे पळायचा थांबला नाही म्हणे. मग २०१९ ला आयपीएलमध्ये जयपूरला राजस्थानचा बटलर ६९ वर असताना अश्विनने कोणाला विचारलं नाही. राजस्थान एक बाद १०८ वर मस्त चाललं होतं, १८५ पाहिजे होते, १४ रननी हरले. आणि बटलरला तर हे २०१४ मध्येच एजबॅस्टनला झालेलं, सेनानायकेने आधी वॉर्निंग देऊन मग उडवला होता. @सरळ_बॅट एक वॉर्निंगने माणूस सुधारतो म्हणता ना, बटलरला विचारा.

लीड्सकर:
इकडे यॉर्कशायरमध्ये रविवारी क्लब क्रिकेट खेळतो, अर्धी टीम देशी. २०२३ ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा कीपर कॅरीने इंग्लंडच्या बेअरस्टोला स्टंप केलं ना, ओव्हर संपली समजून हा बाबा क्रीज सोडून चालायला लागला आणि कॅरीने बॉल आला तसाच स्टंपवर फेकला, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या ड्रेसिंग रूममध्ये दुसरा विषय नव्हता. बेअरस्टो यॉर्कशायरचा आहे त्यामुळे इथले म्हातारे असले भडकलेले की विचारू नका. आणि गंमत म्हणजे तेच म्हातारे आमच्या लीगमध्ये कीपिंग करताना कोणी क्रीज सोडली की पहिले बेल्स उडवणार 😂 लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये तर एमसीसीच्या मेंबरांनीच ऑस्ट्रेलियन प्लेअरना शिव्या घातल्या, ज्या एमसीसीने २००० साली कायद्याच्या सुरुवातीला स्पिरिटची प्रस्तावना घातली त्याच एमसीसीचे मेंबर. काहींना सस्पेंड करावं लागलं.

इथे मला असं दिसतं की ज्याचा माणूस आऊट झाला त्याला स्पिरिट आठवतं. आपणपण तसलेच आहोत हां. दीप्तीच्या वेळी आपण सगळे नियम-नियम म्हणत होतो, समोरच्याने हरमनप्रीतला केलं असतं तर फेसबुक पेटवलं असतं. बांगलादेशच्या शाकिबने श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला टाइम्ड आऊट (बॅटिंगला यायला उशीर झाला म्हणून आऊट) केलं २०२३ च्या वर्ल्ड कपला, दिल्लीला, हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून उशीर झाला बिचाऱ्याला, तेव्हा आपले किती लोक नियम-नियम म्हणत होते? सगळे मॅथ्यूजकडून होते.

सरळ_बॅट:
@थर्डमॅन_पुणे @आझाद_मैदान_जुना विशीचं उदाहरण नीट बसत नाही हे मान्य. पण माझा मुद्दा अजून तिथेच आहे. तुम्ही सगळे टीव्हीवरच्या मॅचची उदाहरणं देताय. तिथे प्रोफेशनल आहेत, त्यांना नियम पाठ आहे, कोट्यवधी घेतात, आऊट झाले तर झाले. गावच्या मॅचला खेळणारी निम्मी पोरं दिवसभर कंपनीत शिफ्ट करून येतात, त्यांना सवय आहे टेनिस बॉलवर आधीच पळायची, लहानपणापासून कोणी अडवलं नाही. त्यांना हा नियम माहीतच नाही. ज्याला माहीत नाही त्याला त्यावर आऊट करणं मला पटत नाही, नियम काहीही असो. रोहितने गुवाहाटीला श्रीलंकेच्या शनाकाला ९८ वर असताना सोडलंच ना? शमीने आऊट केला होता, रोहित म्हणाला हे असं नाही आऊट करायचं त्याला, जानेवारी २०२३. तो काय वेडा होता?

ऑफस्पिन_ताई:
@सरळ_बॅट रोहितने सोडलं तेव्हा मॅच आपल्या खिशात होती, श्रीलंका हरलेलीच होती. ४ बॉल ७ असताना सोडलं असतं तर मानलं असतं. पण माहीत नसण्याचा मुद्दा पटतोय. त्याला उत्तर वॉर्निंग नाही, मॅचच्या आधी सांगणं हे आहे. टॉसला दोन्ही कॅप्टन उभे असतात तेव्हा अंपायरने मोठ्याने सांगायचं, नॉन-स्ट्रायकर बाहेर दिसला तर आऊट, सगळ्यांना सांगा जाऊन. झाली की सगळ्यांना मिळून एकच वॉर्निंग. दोन मिनिटांचं काम आहे.

डीप_मिडविकेट:
भारी चर्चा झाली, थँक्यू सगळ्यांना. व्हिडिओ परत बघितला, @पॉपिंग_क्रीज तुम्ही म्हणता तसं, हात वर गेलाच नव्हता, कानाजवळपण आला नव्हता, थांबून खालूनच बेल्स काढल्यात. म्हणजे आऊटच होता.

एक राहिलं सांगायचं, आमच्याकडे बॉलरच्या एंडचा अंपायर कमिटीचा असतो पण लेग अंपायर बॅटिंग टीमचा एक पोरगा असतो, आणि तोच पहिला घुसला होता मॅचमध्ये "नाय नाय रडी आहे" करत. त्यामुळे @ऑफस्पिन_ताई टॉसला सांगायचं हे मी रविवारच्या मीटिंगला मांडतो. पण दुसरा गट वॉर्निंगवर अडून आहे, त्यांना काय सांगू? आणि बॉलरने बेल्स उडवायला बॉल मारला आणि स्टंप चुकले, बॉल गेला मिडऑनला, तर ते पळू शकतात का? हे विचारलंच होतं एकाने, मला उत्तर आलं नाही.

पॉपिंग_क्रीज:
स्टंप चुकले आणि बॉल न टाकताच फेकला असेल तर अंपायरने लगेच डेड बॉल द्यायचा, रन नाही, ओव्हरथ्रो नाही, तो बॉल मोजायचा नाही, बॉलर परत टाकेल. अपील झालं आणि नॉटआऊट दिलं तरी तेच, डेड बॉल. नाहीतर टेनिस बॉल इतका उडतो की नुसत्या ओव्हरथ्रोवर मॅच जाईल.

वॉर्निंगवाल्यांना असं विचारा की वॉर्निंग कोणी लिहून ठेवायची? एका बॅट्समनला एक की टीमला एक? नवा बॅट्समन आला की परत पहिल्यापासून? पाच ओव्हरच्या मॅचमध्ये प्रत्येकाला एक फुकट दिली तर शेवटच्या ओव्हरला सगळे मुद्दाम एकेक वापरणार, मी तर वापरली असती. तरी ऐकले नाहीत तर टीमला मिळून एकच, आणि ती स्कोअररने शीटवर टाइम घालून लिहायची, माइकवरून जाहीर करायची. तुमच्या समालोचकाला काहीतरी उपयोगी काम मिळेल.

आणि लेग अंपायर आधी बदला हो, बाकी सगळं नंतर.

लेग_बाय:
+१ लेग अंपायर. आमच्याकडे हरलेल्या टीममधला एक जण थांबवून घेतात, २०० रुपये आणि वडापाव, दोन्ही टीमवर सारखाच चिडलेला असतो तो 😀

डीप_मिडविकेट:
@लेग_बाय हे बेस्ट आहे. २०० मध्ये आमच्याकडे कोणी थांबणार नाही पण, ३०० करतो. त्या बॉलरच्या टीमला फोन लावलाय, कॅप्टन उचलत नाहीये, रूल शीट तयार झाली की घेऊन स्वतः जाऊन येतो त्यांच्या गावी.